मराठीच्या तासाला मोबाईलचं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: "यंदा आठवी-नववीला मराठी शिकवायला लागले आहे. शाळेत प्रोजेक्टर आहे, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मुलं इन्स्टाग्रामवर असतात. यातलं काही भाषा शिकवायला खरंच उपयोगी पडतं का? आणि सुरुवात कुठून करू?"

मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकोणीस वर्षं मराठी शिकवते. उपयोगी पडतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त पडलं ते फोनमधलं रेकॉर्डिंगचं बटण.

आधी मीही प्रोजेक्टरपासूनच सुरुवात केली होती. कवितेला चाल लावलेले व्हिडिओ, व्याकरणाच्या रंगीत स्लाइड, तासाच्या शेवटी मोबाईलवरची प्रश्नमंजूषा. मुलं खूश असायची. पण दिवाळीनंतर वह्या तपासल्या तेव्हा लक्षात आलं की निबंध जूनमध्ये होते तसेच आहेत. कसे बदलणार? पूर्ण तासात मुलं एक वाक्य स्वतःचं बोलत नव्हती की लिहीत नव्हती. श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्यं आपण बी.एड.ला पाठ करतो. माझ्या त्या तासांत त्यातलं जेमतेम एक होतं.

बदल झाला तो टाळेबंदीत. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोज व्हिडिओच्या लिंक यायला लागल्या. आमच्याकडच्या वरच्या वस्त्यांवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळते. माझ्या वर्गातल्या ४१ मुलांपैकी १७ जणांच्या घरी व्हिडिओ चालेल असा फोन होता, आणि तोही वडील संध्याकाळी कामावरून आले की हाती यायचा. व्हिडिओपेक्षा आवाजाला डेटा फार कमी लागतो, म्हणून मी ग्रुपवर एक साधा निरोप टाकला: घरात जात्यावर दळलेलं कोणी असेल तर त्यांची एक ओवी रेकॉर्ड करून पाठवा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजारच्याच्या फोनवरून पाठवा.

नववीतल्या एका मुलीने आजीचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. मागे कोंबड्या, मध्येच कोणीतरी हाक मारतंय, आणि आजी एकामागून एक ओव्या म्हणतेय. माहेरच्या वाटेवरची ओवी, भावाची, पंढरीची. मी ते तीन वेळा ऐकलं आणि मग वर्गाला काम दिलं: हे ऐका आणि लिहून काढा.

इथून पुढचं जरा सविस्तर सांगते, कारण शिकवण्यासारखं सगळं या लिहून काढण्यातच सापडलं.

पहिल्या दिवशी चौघांनी एकच ओवी चार तऱ्हांनी लिहिली. आजी गाताना मध्ये मध्ये 'बाई', 'गं' घालते, अर्धी ओळ पुन्हा घेते. हे शब्द ओवीचे की चालीचे? एका मुलाने ते सगळे गाळले आणि ओळ वाचून दाखवली. बाकीचे म्हणाले, "मॅडम, आता ती गाता येत नाही." कवितेतला छंद म्हणजे काय हे मी इतकी वर्षं फळ्यावर सांगत होते. ते त्या दिवशी मुलांनी मला सांगितलं.

मग प्रश्न आला बोलीचा. आजी म्हणते 'व्हतं', 'न्हाई', 'पानी'. लिहायचं कसं? काहींनी परस्पर 'होते', 'नाही', 'पाणी' करून टाकलं होतं. आम्ही ठरवलं की आजीचं बोलणं आजीसारखंच लिहायचं आणि खाली आपलं टिपण प्रमाण मराठीत लिहायचं. दोन्ही एकाच पानावर आल्यामुळे ण आणि न, ळ आणि ल यांतला फरक मुलांना कानाने कळायला लागला. 'केले'चं बोलण्यात 'केलं' होतं तेव्हा शेवटच्या अक्षरावर अनुस्वार का येतो, हेही इथेच आलं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा लेखननियम आणि १९७२ साली वाढवलेले चार, असे एकूण अठरा नियम आपण शिकवतो. त्यातले निम्मे तरी या एका ध्वनिफितीच्या निमित्ताने वर्गात येऊन गेले, आणि दर वेळी मुलांनी आधी विचारलं, मग मी सांगितलं.

सगळ्यांत मोठा वाद झाला 'वैरण' या शब्दावर. ओवीत जात्याला वैरण घालण्याची गोष्ट होती. आमच्या मुलांना वैरण म्हणजे म्हशीपुढे टाकतात ती. जात्याला कसली वैरण? कोणी म्हणालं आजी चुकली. मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे आणि ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. दळताना जात्याच्या तोंडात मुठीने घालायचं धान्य, तीही वैरणच. आजी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून 'खुंटा', 'माकडी', 'पाळू' असे शब्द आणले आणि प्रत्येकाने त्या त्या वस्तूचा फोटो काढून खाली दोन वाक्यं लिहिली. परिभाषा, व्याख्यालेखन, वर्णन, जे काय म्हणायचं ते यात आलं.

याच सुमाराला मी मुलांना 'पारी'वरचा, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वरचा, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह दाखवला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आवाजासकट, लिखित मजकुरासकट तिथे ऐकायला मिळतात. रामसीतेच्या ओव्या आहेत, तशा बाबासाहेबांवरच्याही आहेत. आपल्या आजीची ओवी आणि मुळशीकडच्या कोण्या बाईची ओवी शेजारी ठेवून मुलांनी काय सारखं, काय वेगळं ते लिहिलं. तुलनात्मक लेखन एरवी मुलांना नको वाटतं. त्या वेळी पानं पुरली नाहीत.

शाळा उघडल्यावर त्या आजी वर्गात आल्या. स्पीकरवर स्वतःचा आवाज ऐकून म्हणाल्या, "ह्यो माझाच आवाज हाय व्हय? परत लावा बरं."

आता कळफलकाविषयी थोडं. देवनागरी टंकलेखन वेगळा विषय म्हणून शिकवू नका, ते लेखननियमांबरोबरच शिकवा. आमचा तालुका डोंगराचा, त्यामुळे 'दऱ्या' हा शब्द मुलांना रोजचा. पहिल्यांदा टाइप करताना बहुतेकांनी 'दर्या' लिहिलं. म्हणजे डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला. आमच्या फोनवर र दाबून धरला की खाली टिंब असलेला ऱ मिळतो, त्यालाच य जोडला की हवा तो 'ऱ्य' येतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला बोलावलं की विद्वान आचार्याला, हे उदाहरण पुस्तकात वर्षानुवर्षं आहे. पण स्वतःच्या बोटाने चूक केल्यावर ते जसं डोक्यात बसतं तसं वाचून बसत नाही.

बोलून टाइप करण्याची सोयही वापरा. मुलाने पाच वाक्यं बोलायची, फोनने ती लिहायची, आणि मग मुलाने फोनची वही तपासायची. विरामचिन्हं नसतात, कुठे शब्द तुटतो, कुठे भलताच शब्द येतो. लाल पेन मुलाच्या हातात गेलं की काय होतं ते बघा. माझ्याकडे एक मुलगा आहे, स्वतःच्या निबंधात त्याने कधी स्वल्पविराम दिला नव्हता. फोनच्या परिच्छेदात त्याने सात ठिकाणी दिले आणि सातही बरोबर होते.

मुलं आपापसात मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. त्यावर रागवण्यात मी बरीच वर्षं घालवली. आता त्याचाच पाठ घेते. के, ए, एल ही तीन अक्षरं फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, हा शब्द कोणता? काल, काळ, कळ, कल. चार उत्तरं येतात आणि वर्गात भांडण लागतं. मग त्यांच्याच गप्पांमधली दहा वाक्यं (नावं काढून) देवनागरीत लिहायला द्यायची. ल आणि ळ वेगळे का हवेत, ऱ्हस्व-दीर्घाने काय बिघडतं, हे मला समजावून द्यावं लागत नाही.

सोशल मीडियाचा माझा सगळ्यांत आवडता उपयोग म्हणजे फॉरवर्ड तपासणं. कुसुमाग्रजांच्या किंवा पु. ल. देशपांडे यांच्या नावाने रोज काहीतरी फिरत असतं, आणि त्यातलं पुष्कळ त्यांचं नसतं. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, तर अशा कवितांचा पूर येतो. त्या आठवड्यात आम्ही अशी एक कविता निवडतो. ही कोणत्या संग्रहात आहे? ग्रंथालयात तो संग्रह आहे का? नसेल तर शब्दांवरून काय वाटतं, कवी असे शब्द वापरतो का? नववीतली मुलं शैली या विषयावर इतकं बारकाईने बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. एकदा एका मुलीने घरच्या ग्रुपवर काकांना नम्रपणे लिहिलं की ही कविता कवीच्या एकाही संग्रहात सापडली नाही, आपल्याला कुठे मिळाली ते कळवाल का. ते वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं. औपचारिक लेखनाचा याहून चांगला नमुना माझ्याकडे नव्हता.

आता काळजीचं. माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. एका मुलाचं कथाकथन मी ग्रुपवर टाकलं. कोणीतरी ते बाहेर पाठवलं आणि दुसऱ्या गावातल्या मुलांनी त्याच्या बोलीची नक्कल करून त्याला चिडवलं. तो दीड महिना वर्गात तोंड उघडत नव्हता. तेव्हापासून मुलांचा आवाज किंवा चेहरा मी ग्रुपवर टाकत नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं, वर्गात ऐकवलं जातं आणि तिथेच थांबतं. बाहेर जायचं असेल तर फक्त लिहिलेला मजकूर जातो, तोही मुलाला आणि पालकांना विचारून. इन्स्टाग्रामला वयाची अट १३ वर्षांची आहे, तरी मुलांच्या स्वतःच्या खात्यावरून काही करायला सांगू नका. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने वर्गाचं एक खातं उघडा आणि ते तुमच्याच हातात ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. शाळेने ते मनावर घेतलेलं बरं.

वर्गाच्या खात्यावर आम्ही आठवड्याला एक फोटो आणि चाळीस शब्द टाकतो. शब्द चाळीसच. गावातला पार, बंद पडलेली पिठाची गिरणी, एसटीची वाट बघणाऱ्या बायका. चाळीस शब्दांसाठी मुलं पाच-पाच मसुदे करतात, कारण ते मुंबईला गेलेला मामा वाचणार असतो. वाचणारी फक्त मी असले की एकच मसुदा येतो.

आणखी एक गोष्ट असमान असते, ती बघून ठेवा. घरात एकच फोन असेल तर तो बहुतेक वेळा आधी मुलाला मिळतो, मुलीला नाही. म्हणून फोन लागणारं काम मी घरी देत नाही. शाळेच्या दोन फोनवर, चार-चार जणांच्या गटात, तासालाच करून घेते, आणि फोन आधी मुलीच्या हातात देते.

चॅटबॉटकडून लिहून आणलेले निबंध तुमच्याकडेही येतील. 'माझा आवडता ऋतू' दिलात तर येणारच. 'आमच्या घरी पहिला पाऊस आला त्या दिवशी कोण काय म्हणालं' असा विषय दिला की मुलाला आईला विचारावं लागतं.

वह्या तपासायला मी कधीकधी आवाजी निरोप वापरते. निबंध वाचता वाचता बोलायचं: "इथे मला छान वाटलं, इथे मी अडखळले, हा शेवट पुन्हा लिही." एका मुलाला दोन मिनिटं लागतात. सगळ्यांना दर वेळी जमत नाही, म्हणून आठवड्याला दहाच. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्याशी मधल्या सुट्टीत बोलते.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. प्रोजेक्टर असू द्या. एक फोन, चार मुलं आणि गावातली एक म्हातारी बाई निवडा. आधी फोन खिशात ठेवून अर्धा तास नुसत्या गप्पा मारा, चहा घ्या, रेकॉर्ड करू का असं विचारा. पहिलं रेकॉर्डिंग दोन मिनिटांपेक्षा मोठं नको, कारण दोन मिनिटं लिहून काढायला मुलांना दोन तास लागतात. आणि पंखा बंद करायला विसरू नका. आमची पहिली तीन रेकॉर्डिंगं पंख्याच्या आवाजाने वाया गेली होती.