रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी: वाचकांचे प्रश्न

थांब्यापर्यंत बरंच चालावं लागतं. एकाच कानात इअरफोन घातला तर चालेल ना? (कॉलेज विद्यार्थिनी, फोंडा)

नाही गं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन्ही कानांतल्या आवाजाच्या फरकावरून ओळखतो. एक कान बुजला की हॉर्न ऐकू येईल, पण कुठल्या बाजूचा ते पटकन कळणार नाही. त्यात आपले वाड्यावरचे रस्ते म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाला घासून जाणारी वळणं. तिथे गाडी दिसण्याआधी ऐकू येते. कान हेच तिथले डोळे. पणजीत तर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, इलेक्ट्रिक बसगाड्या आल्यात, संथ चालताना त्यांचा आवाज जेमतेम येतो. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन रस्त्यावर नकोतच. गाणी बसमध्ये बसल्यावर ऐक.

मी मोबाईल बघत चालतो, पण रस्ता ओलांडताना मान वर करतो. एवढं पुरे ना? (म्हापसा)

हिशेब करून बघा. दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद. धडधाकट माणसाला तो ओलांडायला ६ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात १०० मीटर कापते. म्हणजे मान वर केल्यावर 'लांब आहे' वाटलेली गाडी तुम्ही मध्यावर असताना अंगावर आलेली असते. शिवाय नजर वर आली तरी डोकं मेसेजमध्येच असतं. कडेला थांबा, फोन खिशात टाका, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघा, मग निघा. फोन वाजला तर वाजू दे. आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी दिसली तर थांबलेलंच बरं. चालवणारा बऱ्याचदा रस्ता शोधत स्वतःच मोबाईलवरचा नकाशा बघत असतो!

मुलगा बसमधून उतरला की बसच्या पुढून धावत घरी येतो. (आई, डिचोली)

बस जाऊ द्यायची, मगच ओलांडायचं, एवढा एकच नियम घालून द्या. आणि तुम्ही पलीकडून त्याला हाक मारता का? ती आधी बंद करा. आईची हाक ऐकली की पोर रस्ता बघत नाही, आईकडे बघतं. थांब्याच्याच बाजूला जाऊन उभ्या राहा.

फूटपाथच नाही, मग सगळी काळजी आम्हीच का घ्यायची? (ज्येष्ठ नागरिक, काणकोण)

काका, तुमचा राग रास्त आहे. झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणं चालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि फूटपाथसाठी ग्रामसभेत विषय लावून धराच. तोवर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पावसात आपण छत्री वाऱ्याच्या दिशेने तोंडापुढे कलती धरतो आणि नेमकी तीच गाडी झाकली जाते. वाऱ्याच्या दिवशी रेनकोट बरा, फक्त त्याची टोपी डोळ्यांच्या कडेला येऊ देऊ नका. रात्री विजेरी घ्या, झोत चालकाच्या डोळ्यांवर नको, पायापुढे धरा.