लिलेहॅमरचा वेटर आणि वडगावचा कंडक्टर

प्रिय ताई,

तुमच्या चार पानी पत्रात चार काळज्या आहेत. तीन तुम्ही सविस्तर लिहिल्या आणि चौथी शेवटी, "जाता जाता" म्हणून उरकली. मी आज त्या चौथीवरच लिहिणार आहे. बाकीच्या तिघींना थोडे थांबावे लागेल.

तुम्ही लिहिता: "आम्ही म्युनिकमध्ये ऑलिम्पिक पार्कपासून दहा मिनिटांवर राहतो, म्हणून जेवणानंतर पाहुण्यांसोबत स्पीलबर्गचा 'म्युनिक' लावला, १९७२ च्या हल्ल्याचा सूड घेणाऱ्या इस्रायली मारेकऱ्यांचा. पॅरिसच्या प्रसंगात ज्याला मारायचे त्याच्या टेलिफोनमध्ये बॉम्ब असतो आणि ऐनवेळी त्याची लहान मुलगी फोन उचलते, म्हणून मारेकरी थांबतात. तेव्हा हे म्हणाले, 'थांबायचे कशाला? अशीच दया दाखवून आपण कसाबला चार वर्षे बिर्याणी चारली.' आमचा सतरा वर्षांचा मुलगा उठला आणि म्हणाला, 'बाबा, ती लहान पोर आहे.' ह्यांनी त्याला सगळ्यांदेखत देशद्रोही म्हटले. तीन आठवडे बापलेकांचे बोलणे नाही. मी मध्ये पडत नाही."

मध्ये पडत नाही म्हणजे काय, ताई? दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढता, एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवता, आणि वर म्हणता मध्ये पडत नाही. माझ्या आईनेही एके काळी हेच केले होते, त्याविषयी पुढे सांगते.

आधी तुमच्या यजमानांच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलते. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे ऑलिम्पिक ग्राममध्ये शिरलेल्या 'ब्लॅक सप्टेंबर' या पॅलेस्टिनी अतिरेकी संघटनेच्या माणसांनी इस्रायलचे अकरा खेळाडू आणि प्रशिक्षक मारले. त्यांच्या सुटकेचा जर्मन पोलिसांचा प्रयत्न फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर पुरता फसला. आणि जे तीन हल्लेखोर जिवंत सापडले, त्यांना दोन महिन्यांच्या आत, लुफ्तान्साचे एक विमान पळवले गेल्यावर, खटला न चालवताच सोडून देण्यात आले. हे वाचून ज्याचे रक्त उसळणार नाही तो माणूस नव्हे. पण त्या रागाला पुढे कोणती वाट मिळाली, ते त्या चित्रपटात पूर्ण नाही. त्यात लिलेहॅमर नाही.

लिलेहॅमर हे नॉर्वेतले लहानसे गाव. २१ जुलै १९७३ च्या रात्री अहमद बुशिकी नावाचा मोरोक्कन वेटर आपल्या गरोदर पत्नीसोबत सिनेमा पाहून बसने परतत होता. बसमधून उतरून चार पावले चालतो न चालतो तोच इस्रायलच्या हेरांनी त्याला तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या, कारण त्यांना तो अली हसन सलामे वाटला होता, ज्याला ते म्युनिकच्या हल्ल्याचा सूत्रधार मानत. खरा सलामे १९७९ मध्ये बैरूतला बॉम्बस्फोटात मारला गेला, आणि त्याच्यासोबत रस्त्याने जाणारी माणसेही मेली. बुशिकीच्या कुटुंबाला इस्रायलने १९९६ मध्ये भरपाई दिली, पण जबाबदारी मान्य केली नाही. माझे मत स्पष्ट आहे, पटले नाही तरी चालेल: जे सरकार खटल्याशिवाय मारते, ते आज ना उद्या सिनेमा पाहून परतणाऱ्या माणसाला मारते, आणि तेव्हा माफी मागण्याचे धैर्य त्याच्याकडे नसते.

मारल्या गेलेल्या खेळाडूंच्या घरच्यांनी काय मागितले, हेही यजमानांना सांगा. त्यांनी पन्नास वर्षे जर्मनीकडे कागदपत्रे मागितली, चूक कबूल करण्याची मागणी केली, आणि २०२२ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच फ्युर्स्टनफेल्डब्रुकला उभे राहून क्षमा मागितली.

आता बिर्याणी. ती गोष्ट खरी नव्हती, आणि हे त्या खटल्यातील विशेष सरकारी वकिलांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितले. खरे ते असे, की साताऱ्याकडच्या तुकाराम ओंबळे नावाच्या पोलिसाने हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. पुढे खटला चालला, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. फाशीविषयी माझे मत निराळे असू शकते, पण कट कुठे शिजला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले, ते ओंबळ्यांनी त्याला जिवंत पकडून दिला म्हणून. त्याला दया म्हणणे हा ओंबळ्यांचा अपमान आहे.

यजमान असेही म्हणाले म्हणे, की "आपण सीमाभागातली माणसे, आपल्याला अन्याय कळतो." कळतो ना! म्हणूनच विचारते. १९५६ पासून आपण बेळगाव, खानापूर, निपाणी म्हणत आलो. २००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांनी गावांच्या याद्या आणि नकाशे सांभाळत आयुष्य काढले. ज्यांचे सगळे म्हणणे 'न्यायालयात ऐकून घ्या' एवढेच आहे, त्यांनी खटल्याला दुबळेपणा म्हणावे, हे मला कळत नाही.

इथे मला माझ्या थोरल्या भावाविषयी सांगावे लागते. जून १९८६, कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाचे दिवस. दादा तेव्हा तुमच्या मुलाएवढाच, सतरा वर्षांचा. त्याने सरकारी बसवर दगड मारला, काच फुटली आणि तो मोठ्या फुशारकीने घरी आला. संध्याकाळी कळले की त्या काचेने कंडक्टरचे कपाळ फाटले होते, आणि तो कंडक्टर बेळगावातल्याच वडगावच्या विणकर घरातला, आमच्या चुलतीच्या शेजारचा होता. बाबांनी एवढेच विचारले, "दगड मारलास ते कुणाला मारलास, बघितलास काय रे?" मग आठवडाभर अबोला, आणि आई दोघांना वेगवेगळे वाढत होती. शेवटी तीच कंटाळली. तिने कुंद्याचा डबा बाबांच्या हातात दिला आणि दोघांना वडगावला पिटाळले. कंडक्टरच्या म्हाताऱ्या आईने दारातच दादाकडे पाहिले, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, आणि मराठीत म्हणाली, "आत ये की, चहा थंड होतोय." आत मागाचा खटखट आवाज चालू होता. दादाला कपबशी धरवेना. बशीत चहा सांडला.

तोच दादा आज सिडनीला असतो आणि दर १ नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिनी, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर सर्वांत जहाल संदेश त्याचाच येतो. मी बावीस वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला काढून बेळगावच्या टिळकवाडीत परतले. माझी शेजारीण कन्नड आहे, तिच्याकडची भाकरी माझ्या घरी येते, माझे थालीपीठ तिच्याकडे जाते, आणि सीमाप्रश्नावर आमचे मुळीच पटत नाही. उद्या इथे काच फुटली तर ती तिची असेल किंवा माझी, म्हणून आम्ही दोघी जपून बोलतो. दादाच्या खिडकीची काच फुटत नाही. या सदराचे जुने वाचक म्हणतील, बाईंनी आपले तुणतुणे पुन्हा काढले. काढले, कारण परदेशात राहून केलेला राग फुकटचा असतो, त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो, आणि लेस्टरच्या त्या बावीस वर्षांत मीही तसला राग पुष्कळ केला आहे.

तेव्हा असे करा. यजमानांना पाहुण्यांसमोर उच्चारलेला तो एक शब्द मागे घ्यायला सांगा, आणि तोही शक्यतो त्याच पाहुण्यांसमोर. मते मागे घ्यायला सांगू नका, ती त्यांची आहेत. मग येत्या रविवारी बापलेकांना ऑलिम्पिक पार्कमधल्या त्या मारल्या गेलेल्या खेळाडूंच्या स्मारकाकडे पाठवा, आणि तुम्ही घरी थांबा. मुलाला तिथे बोलू द्यावे, एवढी अट घाला. मुलालाही एक सांगा, की बापाला मूर्ख समजून जिंकता येत नाही. बाबांनी २६ नोव्हेंबर २००८ ची, मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र कुठे, कोणाच्या काळजीत काढली, हे त्याने कधी विचारले आहे का? माझी खात्री आहे, विचारले नसेल.

बाकीच्या तीन काळज्यांचे थोडक्यात. धाकटी जर्मनमध्ये उत्तर देते तर देऊ द्या, तुम्ही मराठीत बोलणे सोडू नका. खानापूरच्या शेताच्या वाटणीत दिरांवर संशय घेण्याआधी पहाणीचा (म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्याचा) उतारा काढून पाहा. सासूबाईंच्या व्हिसासाठी प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, तो आधी काढा. त्यांच्या पथ्याचे त्या स्वतः पाहतील.