दात येताना बाळ रात्री झोपत नाही

प्रश्न : माझा मुलगा ७ महिन्यांचा असून त्याचा खालचा पहिला दात येत आहे. दिवसा तो खेळतो, मात्र रात्री वारंवार रडत उठतो. सासूबाई मधात टाकणखार कालवून हिरड्यांना चोळायला सांगतात. तसे करावे का?
– एक वाचक, कराड (जि. सातारा)

उत्तर : टाकणखार मुळीच लावू नये, तो तान्ह्या बाळाच्या पोटात गेल्यास विषारी ठरतो. मधही वर्षाच्या आत चाटवू नये, कारण त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू असू शकतात. चोळण्याची सासूबाईंची कल्पना मात्र अगदी योग्य आहे. निजवण्यापूर्वी हात साबणाने धुऊन नुसत्या बोटाने हिरडी दोन मिनिटे हलकेच दाबावी, किंवा स्वच्छ ओले फडके फ्रिजमध्ये गार करून (बर्फासारखे गोठवून नव्हे) आपल्या देखत चावायला द्यावे. दिवसा खेळात दुखणे विसरले जाते, रात्री ते जाणवते; तेव्हा उचलून घेणे आणि अंगावर पाजणे हाही उपचारच होय. तरीही बाळ शांत होत नसेल, तर पॅरासिटामॉलचे थेंब डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेतच द्यावेत. बेंझोकेन असलेले बधिर करणारे जेल २ वर्षांखालील मुलांना लावू नये, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायक प्रमाणात घटू शकते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, अथवा जुलाब झाल्यास दातांना दोष देत न बसता बाळाला डॉक्टरांना दाखवावे.