यूएसबीवरचा राउटर निम्म्या वेगावर का अडतो?

प्रश्न : छोट्या बोर्डाला यूएसबी 2.0चे दोन गिगाबिट अडॅप्टर लावून राउटर केला. जोडणी 300 मेगाबिटची, मिळतात जेमतेम 150. प्रोसेसर बदलू का?

उत्तर : आधी वाट तपासा. यूएसबी 2.0चा कागदावरचा वेग 480 मेगाबिट. प्रत्यक्षात 300च्या आसपास हाती लागतात, तेही एका वेळी एकाच दिशेने. तुमचं प्रत्येक पॅकेट एका अडॅप्टरमधून आत येतं आणि दुसऱ्यातून बाहेर जातं, म्हणजे तीच बस (डेटाची सामायिक वाट) दोनदा ओलांडतं. म्हणून निम्मं. लिनक्सची ‘एलएसयूएसबी’ आज्ञा ‘टी’ पर्यायासह (lsusb -t) चालवा; कोणतं उपकरण कुठे जोडलंय ते ती दाखवते. दोन्ही अडॅप्टर एकाच मुळाखाली (रूट हबखाली) 480 दाखवत असतील तर दोष तिथेच आहे.

नवा बोर्ड घेताना कोअर किती हे नंतर बघा, पोर्ट कशाला जोडलेत ते आधी. पीसीआय एक्सप्रेस 2.0 या बोर्डावरच्या वेगवान जोडणीची एकच लेन (मार्गिका) प्रत्येक दिशेला 4 गिगाबिट वाहते. दोन गिगाबिट पोर्टना ती पुरते.

मग मात्र प्रोसेसरची कसोटी लागते. पूर्ण आकाराच्या पॅकेटांनी गिगाबिट भरायला सेकंदाला सुमारे 81 हजार पॅकेटं लागतात. 64 बाइटच्या, म्हणजे सर्वांत लहान फ्रेमनी तेच 14.88 लाख. हार्डवेअर ऑफलोड, म्हणजे पॅकेटं पुढे पाठवण्याचं काम प्रोसेसरऐवजी नेटवर्क चिपकडे देणं, हा भार उचलतो, पण ती पॅकेटं कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) रांगेला वळसा घालतात आणि एसक्यूएम, म्हणजे गर्दीतही विलंब कमी ठेवणारं रांगेचं नियोजन, निकामी होतं. अपलोड सुरू असताना व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर आमच्या मते ऑफलोड बंदच ठेवा.

आणि लॉग (राउटरच्या कामाच्या नोंदी) एसडी कार्डावर नको, रॅममध्ये ठेवा. सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं.