बुद्ध्यांक ५८ आणि सँडलचा पट्टा

कळव्याहून ठाण्यातील माझ्या केंद्रात आलेल्या एका आईने बसण्यापूर्वीच मुलाच्या बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल पुढे केला आणि विचारले, ‘‘मॅडम, ५८ म्हणजे हा कधीच काही शिकणार नाही का?’’ मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला नीट ऐकू येते ना, थायरॉइडचा दोष नाही ना, हे आधीच तपासून झाले होते.

आकड्याची ही धास्ती पालकांमध्ये मला वारंवार दिसते. बुद्ध्यांक साधारण ७०च्या खाली आहे एवढ्यावरून बौद्धिक अक्षमतेचे निदान होत नाही. जेवण, कपडे, संवाद, पैशांचा व्यवहार अशा रोजच्या गोष्टींतही वयाच्या मानाने ठळक उणीव असावी लागते आणि ती वाढीच्या वयातच दिसू लागलेली असावी लागते. ५० ते ६९ ही सौम्य पातळी मानतात, आणि त्या पातळीवरची पुष्कळ मुले उशिरा का होईना, लिहा-वाचायला आणि पुढे कामधंदा करायला शिकतात.

रोजची कामे मूल स्वतः किती करते हे पाहणाऱ्या सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत चप्पल-सँडल पायात घालण्याबद्दल विचारले तेव्हा आई ‘‘नाही जमत’’ म्हणाली आणि मी तसे लिहूनही घेतले. निघताना मात्र आजी खाली बसल्या, नातवाचा पाय मांडीवर घेऊन सँडलचा पट्टा लावू लागल्या. त्याचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला, तो त्यांनी मायेने बाजूला केला. न येणे आणि करू न देणे यांतला फरक माझ्याही नजरेतून निसटला होता. मी सगळ्यांना परत बसवले आणि काही प्रश्न पुन्हा घेतले, या वेळी त्याच्याकडून करवून.

सौम्य बौद्धिक अक्षमतेचे निदान तेच राहिले, हे मी स्पष्ट सांगितले. सँडल घालण्याचे चार टप्पे पाडले: पाय सरकवणे, टाच बसवणे, पट्टा ओढणे, चिकटवणे. पहिले तीन आजींचे, शेवटचा त्याचा. तो जमला की शेवटचे दोन त्याचे. काम त्याच्या हातून पुरे झाले की ‘मी केलं’ हे समाधान त्याला पहिल्या दिवसापासून मिळते, म्हणून हा उलटा क्रम. ‘‘आजी, घाईच्या वेळी नको, संध्याकाळी करा,’’ एवढेच बजावले.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल, ही वडिलांची भीती होती. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, हे कळल्यावर ते अर्ज करायला तयार झाले.

तिसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा डावी सँडल उजव्या पायात होती. आजी बदलायला वाकल्या आणि त्याने पाय मागे घेतला.