चावी बंद, तरी इंजिन चालू

प्रश्न : माझा २००९ सालचा सहाचाकी ट्रक ऊसवाहतुकीला आहे. गेल्या महिन्यात अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) दुरुस्त करून घेतला. चार्जिंग आता उत्तम होते, मात्र तेव्हापासून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा लागत नाही आणि चावी बंद केल्यावर इंजिन थांबत नाही. डिझेलच्या मीटरचा काटाही खाली येत नाही. चालक गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून इंजिन बंद पाडतो, तेव्हा कुठे काटा खाली बसतो. एका कारागिराने चावीचा स्विच बदलला, उपयोग झाला नाही. दुसरा डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचे प्रमाण तपासून जुळवायला) द्यायला सांगतो आहे. काय करावे?
— एक ट्रकमालक, कराड

उत्तर : पंप उतरवू नका. आपण काट्याबद्दल लिहिलेली दोन वाक्येच या बिघाडाचा माग देतात, आणि ती आपण बारकाईने टिपली याचे मला विशेष वाटते, कारण बहुतेक पत्रांत केवळ 'गाडी बंद होत नाही' एवढेच लिहिलेले असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाऊन इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीप्रमाणे नुसती विजेची ठिणगी तोडून हे इंजिन थांबत नाही. त्याचे डिझेलच तोडावे लागते. जुन्या ट्रकांत हे काम चालकाने ओढायची स्टॉप केबल करीत असे. आपल्या गाडीच्या काळातील अनेक ट्रकांत त्या जागी सोलेनॉइड, म्हणजे विजेने काम करणारा चुंबकी खटका, आला. चावी चालू असेपर्यंत तो विजेच्या जोरावर पंपाची बंद करायची दांडी 'चालू' स्थितीत धरून ठेवतो आणि वीज गेली की स्प्रिंग ती दांडी मागे ओढून डिझेल तोडते.

आता आपला काटा पाहू. चावी बंद असूनही तो खाली येत नाही, याचा अर्थ स्विचच्या पुढच्या वायरीत वीज कुठून तरी येतेच आहे, आणि तीच वीज सोलेनॉइडलाही धरून ठेवते आहे. ती थेट बॅटरीतून शिरत असती, तर इंजिन बंद पडल्यावरही काटा वरच राहिला असता आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडली असती. तो इंजिनाबरोबरच खाली बसतो, म्हणजे ही वीज फिरत्या अल्टरनेटरकडून उलट येते आहे. अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना देणारी बारीक वायर चावीकडून चार्जिंगच्या दिव्यातून जाते. तो लहानसा दिवा नुसता खूण दाखवत नाही, तर स्वतःच्या रोधाने उलट येणारा प्रवाह इतका कमी ठेवतो की त्यावर सोलेनॉइड तग धरू शकत नाही. दुरुस्तीच्या वेळी तो दिवा वगळून वायर थेट जोडली गेली असावी, असा माझा कयास आहे. अशा जोडणीने चार्जिंग बिघडत नाही, म्हणूनच कोणाला संशय येत नाही.

खात्री करून घेणे सोपे आहे. गाडी सपाट जागी उभी करून गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. इंजिन बंद असताना अल्टरनेटरवरची ती बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मग इंजिन चालू करून चावी बंद करा. इंजिन तत्काळ थांबले, तर दोष तिथेच आहे. मूळ वॉटचा दिवा परत बसवून घ्या आणि त्याच वायरीत किमान ३ अँपिअरचा डायोड अशा दिशेने घालायला सांगा की प्रवाह चावीकडून अल्टरनेटरकडेच जाईल.

इंजिन तरीही चालू राहिले, तर चावी बंद ठेवून सोलेनॉइडच्या वायरीला २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावून पाहा. तो पेटला, तर वीज दुसऱ्या वाटेने येते आहे. केबिनमधला पंखा किंवा जादा दिवे कुठे जोडले आहेत ते शोधावे लागेल. तो पेटला नाही, तर दांडीचा सांधा गंजला असेल, स्प्रिंग तुटली असेल किंवा पंपातील रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी पट्टी) अडकला असेल, आणि पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे न्यायची वेळ तेव्हाच येते. काही गाड्यांत सोलेनॉइडची रचना याच्या उलट, म्हणजे वीज मिळाल्यावर इंजिन बंद करणारी असते. तिथे फ्यूज आणि तुटलेली वायर आधी तपासावी.

दुरुस्ती होईपर्यंत गिअरमध्ये टाकून इंजिन बंद पाडणे थांबवा. त्याचा मार क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या माउंटिंगना बसतो. पंपावरची बंद करायची दांडी हाताने दाबून इंजिन थांबवता येते. ती कोणती हे कारागिराकडून चालकाला दाखवून घ्या. चालत्या इंजिनावर बॅटरीचा मेन स्विच मात्र कधीही बंद करू नका. इंजिन थांबणार तर नाहीच, उलट व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जळतील.

प्रश्न : आमच्या डंपरचे इंजिन चावी बंद केल्यावर थांबण्याऐवजी आपोआप रेस होत गेले आणि निळसर-पांढरा धूर निघाला. डिझेलचा पाइप सोडला तरी फरक पडला नाही. हाही सोलेनॉइडचाच दोष का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. आपले इंजिन डिझेलवर नव्हे, स्वतःच्या इंजिन ऑइलवर चालत होते. टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) सील गेल्यावर, ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल ओढले गेल्यावर किंवा ऑइल प्रमाणाबाहेर भरल्यावर ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते आणि तेच इंधन होते. अशा वेळी खात्रीचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे हवा तोडणे. हवेच्या पाइपाचे तोंड जाड फळीने झाका किंवा त्यात कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक सोडा. हात किंवा फडके लावू नका. इंजिन ते आत ओढून घेते. वेग वाढू लागल्याच्या पहिल्या काही क्षणांत चालक आसनावरच असेल, तर सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडल्यास इंजिन बंद पडू शकते. त्या एका प्रसंगी क्लचची पर्वा करू नये. वेग हाताबाहेर गेला असेल, तर सर्वांना लांब करा. इंजिन फुटले तर तुकडे उडतात.

आता डिपस्टिक पाहा. ऑइलची पातळी वाढलेली असेल, तर त्यात डिझेल मिसळते आहे का तेही तपासावे लागेल. टर्बो दुरुस्त झाला तरी इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारी जाळी) आणि पाइपांमध्ये साचलेले ऑइल पूर्ण साफ करून घेतल्याशिवाय इंजिन चालू करू नका, कारण तेवढ्या ऑइलवरही ते पुन्हा तसेच उधळू शकते.