वाचकांचे प्रश्न: कासवावरचं जग आणि रोजचे ४०० शब्द

मागच्या अंकात इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेची ओळख करून दिली होती. सपाट थाळीसारखं जग चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर, आणि कासव अंतराळात पोहत चाललेलं. या जगावर १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या आल्या. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी त्यावर पत्रं पाठवली. त्यातले काही प्रश्न इथे घेत आहोत.

बँकेत नोकरी करतो. घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली, ती दोन वर्षं पंचविसाव्या पानावर अडली आहे. प्रॅचेट नोकरी सांभाळून कसे लिहीत? नोकरी त्यांनी कधी सोडली?
*एक वाचक, म्हापसा*

नोकरी त्यांनी १९८७ साली सोडली. पहिली कादंबरी छापून आली होती १९७१ साली. मधली सोळा वर्षं तुमच्यासारखीच गेली, म्हणून ती जरा तपशिलात सांगतो.

जन्म २८ एप्रिल १९४८, बीकन्सफील्ड गावी. वडील मेकॅनिक, आई सेक्रेटरी. तेराव्या वर्षी शाळेच्या नियतकालिकात एक कथा छापली गेली, तीच १९६३ साली एका व्यावसायिक मासिकाने घेतली. मानधन मिळालं १४ पौंड, त्यातून जुना टाइपरायटर आला. १९६५ साली, सतराव्या वर्षी, शाळा सोडून ते ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवार म्हणून लागले. बातम्यांबरोबर मुलांच्या सदरातल्या गोष्टीही त्यांच्याकडे आल्या. गालिच्याच्या धाग्यांत राहणाऱ्या चिमुकल्या माणसांच्या गोष्टी त्यांनी तिथेच सुरू केल्या. पुढे एका छोट्या प्रकाशन संस्थेच्या संचालकाची मुलाखत घ्यायला गेले असता, आपल्याकडे एक हस्तलिखित असल्याचं त्यांनी सांगितलं. तीच १९७१ ची ‘द कार्पेट पीपल’. आवृत्ती ३,००० प्रतींची.

त्यानंतरची पुस्तकं १९७६ आणि १९८१ सालची, म्हणजे पाच-पाच वर्षांच्या अंतराने. पहिल्या डिस्कवर्ल्ड कादंबरीच्या ब्रिटनमधल्या पहिल्या पुठ्ठाबांधणी आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या ५०६. १९८५ साली तिची स्वस्त आवृत्ती निघाली, बीबीसी रेडिओवर ती क्रमशः वाचली गेली, तेव्हा कुठे नाव लोकांच्या तोंडी झालं. या काळात ते वीज मंडळाचे प्रसिद्धी अधिकारी होते आणि अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना उत्तरं देणं हे त्यांचं काम होतं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात मार्च १९७९ मधला. तो ताजा असतानाच त्यांनी ही जागा घेतली. म्हणजे तिथेही दिवस निवांत जात नव्हता. ‘मॉर्ट’ ही चौथी डिस्कवर्ल्ड कादंबरी हातावेगळी झाल्यावरच त्यांनी राजीनामा दिला.

त्या दिवसांत त्यांचा नेम रात्री ४०० शब्दांचा. त्यांचे सहलेखक नील गेमन यांनी सांगितलेली हकीकत अशी: एका रात्री कादंबरी संपली, पण शब्द झाले होते ३००. प्रॅचेटनी नवा कागद चढवला आणि पुढच्या कादंबरीचे १०० शब्द लिहूनच ते उठले.

आता तुमचा हिशेब. हाताने लिहिलेल्या फुलस्केपचं एक पान साधारण २५० शब्दांचं, म्हणजे ४०० शब्द हे दीड पान. चतुर्थी, गावची जत्रा, लग्नं, आजारपण, मार्चअखेरची बँक असे शंभरेक दिवस आधीच वजा करा. उरलेल्या २६५ रात्रींत एक लाख शब्द होतात, आणि तेवढ्यात कादंबरी पुरी होते. ४०० झेपत नसतील तर २५० वर या, पण आकडा ठरलेला असू द्या.

पंचविसाव्या पानावर अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रोज पहिल्या पानापासून वाचत, सुधारत येणं. आठपासून दहापर्यंतचा वेळ त्यातच जातो आणि नवीन काही होत नाही. फक्त कालचं शेवटचं पान वाचा. चूक दिसली तर समासात खूण करा आणि पुढे चला. दुसरं, प्रसंग पुरा करून उठू नका. मध्येच थांबा आणि पुढचं वाक्य काय हे चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा. दुसऱ्या रात्री कोऱ्या पानाकडे बघत बसण्याची पाळी येत नाही. आणि त्या जगाचे नकाशे, राजघराणी, चलन यांत सहा महिने घालवू नका. प्रॅचेट यांचं आंख-मॉर्पोर्क शहर पुस्तकागणिक वाढत गेलं. टपाल, छापखाना, बँक, रेल्वे ज्या कादंबरीला लागली, त्या कादंबरीत आली. तुम्हाला बँक आतून ठाऊक आहे. ते भांडवल अद्भुतरम्य कादंबरीत फार दुर्मिळ असतं, ते वापरा.

४१ पुस्तकांपैकी सुरुवात कुठून करू? पहिलं घेतलं, पण मन रमलं नाही.
*महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव*

पहिली दोन बाजूला ठेवा. त्यांत त्या काळच्या अद्भुत कादंबऱ्यांची थट्टा आहे, आणि मूळ पुस्तकं वाचलेली नसतील तर ती पोचत नाही. प्रत्येक कादंबरी स्वतंत्र आहे, पण पात्रांच्या साखळ्या आहेत. शहराच्या पहारेकऱ्यांची साखळी सर्वांत भक्कम: ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९), ‘मेन अॅट आर्म्स’ (१९९३), ‘फीट ऑफ क्ले’ (१९९६), ‘जिंगो’ (१९९७), ‘द फिफ्थ एलिफंट’ (१९९९), ‘नाइट वॉच’ (२००२), ‘थड!’ (२००५), ‘स्नफ’ (२०११). याच क्रमाने वाचा. ‘नाइट वॉच’ आधी वाचलीत तर तिचं निम्मं बळ वाया जाईल. ‘मेन अॅट आर्म्स’मधला बुटांचा हिशेब तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे: श्रीमंताचे ५० डॉलरचे बूट दहा वर्षं टिकतात, गरिबाचे १० डॉलरचे एक-दोन मोसमांत फाटतात, म्हणजे दहा वर्षांत गरीब दुप्पट पैसे घालवतो आणि पाय ओले ते ओलेच.

एकच पुस्तक वाचायचं असेल तर ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२). देवाचं सामर्थ्य भक्तांच्या श्रद्धेएवढंच, आणि श्रद्धा आटल्यामुळे एक महान देव साध्या कासवाच्या देहात अडकलेला. गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून कामाला निघणाऱ्या आपल्या गावांत ही कादंबरी वेगळीच लागते.

पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा तुमच्या कॉलेजात शोधताना आडनावाने शोधा. ड्यूई पद्धतीच्या कपाटात इंग्रजी कादंबऱ्या ८२३ खाली असतात.

कासव आणि हत्ती ही कल्पना आपल्या पुराणांतून घेतली आहे ना?
*निवृत्त शिक्षिका, फोंडा*

हो, मूळ आपल्याकडचंच, पण वाटेत बदललेलं. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात सगराचे पुत्र यज्ञाचा घोडा शोधत पृथ्वी खणत जातात, तेव्हा चार दिशांना पृथ्वी डोक्यावर धरून उभे असलेले चार हत्ती त्यांना भेटतात: पूर्वेला विरूपाक्ष, दक्षिणेला महापद्म, पश्चिमेला सौमनस, उत्तरेला भद्र. थकलेला हत्ती विसावा घ्यायला मान हलवतो तेव्हा भूकंप होतो, असंही तिथे म्हटलं आहे. कूर्म आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः मंदार पर्वताखालचा, समुद्रमंथनातला. कासवावर हत्ती आणि हत्तींवर जग ही एकावर एक रचलेली उतरंड युरोपीय लोकांनी सतराव्या शतकापासून ‘हिंदूंचं मत’ म्हणून लिहून ठेवली, आणि ती तिकडे रूढ झाली.

प्रॅचेट यांनी त्या उतरंडीला प्रश्न विचारले, तेही पत्रकाराचे. सूर्य या जगाभोवती फिरतो, मग तो हत्तींच्या पायांत अडकत नाही का? उत्तर: एखाद्या हत्तीला अधूनमधून पाय उचलावा लागतो. कासव नर की मादी, यावर तिथले विद्वान संशोधन करतात. बालकांडातला मान हलवणारा हत्ती आणि हा पाय उचलणारा हत्ती एकाच कळपातले वाटतात.

त्यांनी स्वतःची तलवार स्वतः घडवली, तीही जमिनीतलं खनिज वितळवून, हे खरं का? आम्ही खाणपट्ट्यातले, म्हणून विचारतो.
*एक वाचक, डिचोली*

खरं. २००९ साली ‘सर’ हा किताब मिळाल्यावर, नाइट (सरदार) म्हटला की तलवार हवी, असं त्यांनी मनावर घेतलं. सुमारे ८० किलो लोहखनिज खणून आणलं, घराच्या आवारात माती आणि गवताची भट्टी रचली, उल्केच्या लोखंडाचे काही तुकडे त्यात घातले आणि गावच्या लोहाराच्या मदतीने पातं घडवलं.

एवढ्याशा पात्याला ८० किलो कशाला, असं वाटेल. मातीच्या भट्टीत लोखंड वितळत नाही, मळी (खनिजातला दगडमातीचा अंश) वितळते. खनिज आधी भाजून वाटाणा ते सुपारीएवढं फोडतात, साधारण सारख्याच वजनाच्या कोळशाबरोबर थरांनी घालतात आणि भाता चालू ठेवतात. उष्णता १,२०० अंशांच्या आसपास लागते. कोळशाचा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, मळी खाली गळते आणि मध्ये स्पंजसारखा लोखंडाचा गोळा उरतो. बरंचसं लोखंड मळीबरोबरच जातं. गोळा पिवळा-पांढरा तापलेला असतानाच ठोकून उरलेली मळी बाहेर काढावी लागते. ती आत राहिली तर पातं नेमकं तिथेच चिरतं. भाता जास्त मारला आणि कोळसाही जास्त पडला, तर लोखंडात कार्बन वाढतो आणि हातोड्याखाली फुटणारं बीड (ओतीव लोखंड) तयार होतं. आपल्याकडचं खनिज हेमटाइटचं. त्याला हीच कृती लागू पडते, पण भुकटी घालू नका, भट्टीची वाट बुजते.

शेवटच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता, मग पुस्तकं कशी लिहिली? माझ्या वडिलांना वाचताना ओळ सापडत नाही, चष्मा मात्र बरोबर आहे.
*एक वाचक, ताळगाव*

वडिलांचं आधी. डोळे तपासून चष्मा बरोबर निघाला आणि तरीही ओळ निसटते, समोरचा पेला हाताला लागत नाही, सदऱ्याची बाही सापडत नाही, पायरीचा अंदाज चुकतो, असं असेल तर त्यांना मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) हा विभाग आहे. काय होतं, कधीपासून होतं, हे तारखेसह कागदावर लिहून न्या. सगळ्याच वेळी कारण गंभीर निघतं असं नाही, पण थांबू नका.

प्रॅचेट यांचा आजार याच लक्षणांचा होता. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी तो जाहीर केला: अल्झायमरचा एक विरळा प्रकार, ज्यात मेंदूचा मागचा, दृष्टीचा अर्थ लावणारा भाग आधी झिजतो. डोळा बघतो, पण मेंदूला ते जुळवता येत नाही. टंकलेखन सुटलं, भाषा मात्र पुष्कळ काळ शाबूत राहिली. म्हणून ते सांगून लिहू लागले, काही सहायक रॉब विल्किन्स यांना, काही आवाज ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीला. त्या प्रणालीला आधी त्यांच्या जगातली नावं शिकवावी लागली. २०१० सालचं त्यांचं मोठं दूरचित्रवाणी व्याख्यान त्यांच्या वतीने अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी वाचलं, ते स्वतः शेजारी बसून होते. संशोधनासाठी २००८ साली त्यांनी दहा लाख डॉलर दिले. १२ मार्च २०१५ रोजी, ६६ व्या वर्षी, ते घरीच वारले. शेवटची कादंबरी त्यानंतर काही महिन्यांनी आली.

त्यांची अपुरी पुस्तकं रोडरोलरखाली चिरडली, हे खरं?
*एक वाचक, काणकोण*

खरं, त्यांच्याच इच्छेनुसार. २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्यांची हार्ड डिस्क जुन्या वाफेच्या रोलरखाली घातली. ती पुरती मोडली नाही, म्हणून मग दगड फोडायच्या यंत्रात टाकली.

‘मॉर्ट’ मराठीत आणावी असं वाटतं. अडचणी कोणत्या येतील?
*एक वाचक, वाळपई*

पहिली अडचण लिपीची. या कादंबरीत मृत्यू हे बोलणारं पात्र आहे, आणि त्याचं बोलणं इंग्रजी मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) पण आकाराने छोट्या अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय छापलेलं असतं. कानांनी ऐकू न येता थेट डोक्यात उमटणारा तो आवाज आहे. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. आमच्या मते अवतरणचिन्हं काढावीत आणि संवाद स्वतंत्र ओळीवर ठळक टायपात घ्यावा. पण ठळकपणा संगणकावरच्या जुन्या श्रीलिपी टंकातून आजच्या युनिकोडमध्ये मजकूर नेताना हमखास गळून पडतो, आणि त्याच वेळी ‘ऱ्या’ही फुटतो. म्हणून हस्तलिखितात अशा प्रत्येक ओळीच्या समासात खूण करा आणि शेवटचं मुद्रित खुणांशी ताडून बघा.

लिंगाची अडचण आपल्याला नाही. मराठीत मृत्यू पुल्लिंगी, मुळातही तो पुरुषच. पोर्तुगीज, फ्रेंच, पोलिश या भाषांत तो शब्द स्त्रीलिंगी असल्याने तिथल्या अनुवादकांना वाट काढावी लागते. उलट नावात पेच आहे. मॉर्ट हे मॉर्टिमरचं लघुरूप, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मरण. मराठी वाचकाला ते कळणार नाही. पण घरात पोर्तुगीज ऐकलेल्या गोव्यातल्या वाचकाला ‘मोर्त’ आठवेल, तेव्हा नाव तसंच ठेवा.

तळटिपा त्याच पानावर हव्यात. पुस्तकाच्या शेवटी ढकलल्या तर विनोद मेलाच. मुळात प्रकरणं नाहीत, म्हणून तुम्हीही पाडू नका. दोन प्रसंगांमध्ये मोकळी ओळ सोडा आणि ती पानाच्या तळाशी हरवत नाही ना, तेवढं बघा. बोलीही जपून वापरा: फक्त गावंढळ पात्रांच्या तोंडी कोंकणी वळण घातलंत तर मूळ लेखकाचा न्याय बिघडतो, कारण त्याच्याकडे शहाणी माणसंही रस्त्यावरचीच भाषा बोलतात.

हक्कांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं, म्हणजे इथे २०७५ अखेरपर्यंत, परवानगी लागेल. ती सहसा प्रकाशकाने वारसांच्या एजंटकडून घ्यायची असते. तेव्हा सगळी कादंबरी करत बसू नका. पहिली वीस पानं आणि तळटिपांचं दाट पान नीट करा, ती घेऊन प्रकाशकाकडे जा, आणि करारावर सही होईपर्यंत त्यातलं एकही पान कुठे छापू नका.